टॉवरमधली दोन भावंडं आणि त्यांची आई



भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले की लंडनची एक फेरी ठरलेलीच असते. टॉवर ऑफ लंडन, कोहिनूरची रांग, टॉवर ब्रिजसमोर फोटो आणि बाकावर बसून डब्यातली पोळी-भाजी. मुलं मात्र कोहिनूरपाशी फार रेंगाळत नाहीत. त्यांना ब्लडी टॉवर बघायचा असतो. तिथे त्यांना १२ वर्षांच्या राजाची आणि त्याच्या धाकट्या भावाची गोष्ट कळते, आणि परत येताना ट्रेनमध्ये प्रश्न येतोच: "आई, त्यांना कुणी मारलं?"

आपल्यापैकी बहुतेक जण एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होतात. "काकाने."

हे उत्तर कदाचित बरोबरही असेल. पण साडेपाचशे वर्षं होत आली तरी ते सिद्ध झालेलं नाही. या गोष्टीत काकाबद्दल इतकं बोललं जातं की एक माणूस बाजूलाच राहतो. ती म्हणजे त्या मुलांची आई. आज तिच्या बाजूने ही गोष्ट बघूया. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

काय घडलं

९ एप्रिल १४८३ रोजी इंग्लंडचा राजा एडवर्ड चौथा वेस्टमिन्स्टरला वारला. वय अवघं ४० होतं. थोरला मुलगा एडवर्ड तेव्हा १२ वर्षांचा होता. तो वेल्सच्या सीमेजवळ लडलोच्या किल्ल्यात राहायचा, आपल्या मामाच्या देखरेखीखाली. मामाचं नाव अँथनी वुडव्हिल, अर्ल रिव्हर्स. धाकटा मुलगा रिचर्ड, ड्यूक ऑफ यॉर्क, नऊ वर्षांचा होता आणि लंडनला आईजवळ होता. आईचं नाव एलिझाबेथ वुडव्हिल.

बापाच्या पश्चात एडवर्ड पाचवा राजा झाला. मामा त्याला राज्याभिषेकासाठी लंडनला घेऊन निघाला. वाटेत ३० एप्रिलला स्टोनी स्ट्रॅटफर्डला काकाने त्याला गाठलं. हा काका म्हणजे मेलेल्या राजाचा धाकटा सख्खा भाऊ, रिचर्ड, ड्यूक ऑफ ग्लॉस्टर. त्याच्यासोबत ड्यूक ऑफ बकिंगहॅम होता. त्यांनी मामाला अटक केली, एलिझाबेथच्या पहिल्या लग्नाचा मुलगा रिचर्ड ग्रे यालाही धरलं, आणि बालराजाला ताब्यात घेतलं. मामाच्या हातून मूल काकाच्या हातात गेलं. पुढचं सगळं या एका दिवसावर उभं आहे.

बातमी लंडनला पोचताच आईने काय केलं? धाकट्या मुलाला आणि पाच मुलींना घेऊन ती थेट वेस्टमिन्स्टर ॲबीच्या आश्रयाला गेली. त्या काळी तिथे आसरा घेतलेल्या माणसाला बाहेर ओढून काढणं म्हणजे पाप समजत. तिला ही जागा चांगली माहीत होती. १४७० मध्ये नवऱ्याला देश सोडून पळावं लागलं होतं, तेव्हा तिने इथेच आसरा घेतला होता आणि थोरला एडवर्ड इथेच जन्मला होता.

इकडे बालराजा ४ मे रोजी लंडनला आला आणि काही दिवसांत त्याला टॉवरमध्ये नेलं. इथे मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. तेव्हा टॉवर हा नुसता तुरुंग नव्हता, राजवाडाही होता. राज्याभिषेकाआधी राजाने तिथे राहायची रीतच होती. त्यामुळे या वेळेपर्यंत बाहेरून बघणाऱ्याला काही वावगं दिसलंच असतं असं नाही. राज्याभिषेकाची तारीख २२ जून ठरली.

आईने मुलगा दिला, तो दिवस

१३ जूनला काकाने लॉर्ड हेस्टिंग्ज या जुन्या दरबाऱ्याचं टॉवरमध्येच डोकं उडवलं. त्यानंतर तीन दिवसांनी, १६ जूनला, ॲबीला सैनिकांचा वेढा पडला आणि कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस बोर्शिए एलिझाबेथच्या समोर येऊन उभे राहिले. मागणी साधी होती. राज्याभिषेक जवळ आलाय, थोरला भाऊ एकटा आहे, धाकट्याला त्याच्या सोबतीला पाठवा. मुलगा सुखरूप राहील, असा शब्द धर्मगुरू देत होते.

तिने मुलगा दिला.

का दिला, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. कुणी तिला भोळी म्हणतात, कुणी कमकुवत. पण आपण आई-बाप म्हणून बघूया. थोरला आधीच समोरच्याच्या हातात आहे. नाही म्हटलं तर त्याचं काय करतील? बाहेर हत्यारबंद माणसं आहेत, आणि देशातला सगळ्यात मोठा धर्मगुरू हात जोडून सांगतोय. ज्याला पर्याय म्हणावा असं तिच्याकडे काय होतं?

पुढे सगळं भराभर घडलं. २२ जूनला, म्हणजे ज्या दिवशी राज्याभिषेक व्हायचा त्याच दिवशी, लंडनमध्ये जाहीर प्रवचन झालं: मेलेल्या राजाची मुलं औरस नाहीत. कारण असं सांगितलं की एडवर्ड चौथ्याने एलिझाबेथच्या आधी एलिनॉर टॅलबट नावाच्या बाईला लग्नाचं वचन दिलं होतं, आणि त्या काळच्या धर्मकायद्यात असं वचन लग्नासारखंच धरत. म्हणजे नंतरचं लग्न रद्द, आणि मुलं गादीला मुकली. २५ जूनला पाँटिफ्रॅक्टला मामाचं आणि रिचर्ड ग्रेचं डोकं उडवलं. २६ जूनला काका गादीवर बसला. ६ जुलैला तिसरा रिचर्ड म्हणून त्याचा राज्याभिषेक झाला.

आणि मुलं? डॉमिनिक मान्चिनी नावाचा एक इटालियन तेव्हा लंडनमध्ये होता. त्याने त्याच वर्षाच्या अखेरीस जे पाहिलं-ऐकलं ते लिहून ठेवलं. तो सांगतो की दोघांना टॉवरच्या आतल्या भागात नेलं, ती खिडक्यांच्या गजांआडून अधूनमधून दिसायची, मग कमी कमी दिसू लागली आणि शेवटी दिसेनाशी झाली. राजाच्या डॉक्टरचा हवाला देऊन तो लिहितो की थोरला रोज पापांची कबुली देऊन प्रार्थना करायचा, कारण मरण जवळ आलंय असं त्याला वाटत होतं. ही मुलं मेली का, कशी मेली, हे आपल्याला कळलेलं नाही, असंही मान्चिनी प्रामाणिकपणे लिहितो. लंडनच्या एका जुन्या क्रॉनिकलमध्ये, म्हणजे आपल्या बखरीसारख्या नोंदीत, ती दोघं टॉवरच्या बागेत बाण मारताना आणि खेळताना दिसल्याचा उल्लेख आहे.

१४८३ च्या उन्हाळ्यानंतर त्यांना पाहिल्याची एकही खात्रीशीर नोंद नाही.

आपल्याला लगेच काय आठवतं

काका आणि पुतण्या म्हटल्यावर मराठी माणसाला शनिवारवाडा आठवणारच. पण मुलांना सांगताना फरकही सांगा. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला हे जगजाहीर होतं, आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवलं. लंडनला प्रेत नाही, साक्षीदार नाही, चौकशी नाही. तिथे कुणी रामशास्त्री उभा राहिला नाही. गोष्ट अधांतरी राहिली ती त्यामुळेच.

मग आईने दुसऱ्यांदा जे केलं ते

१४८३ च्या शरद ऋतूत रिचर्डविरुद्ध बंड झालं. गंमत म्हणजे त्यात बकिंगहॅमही होता, ज्याने त्याला गादीवर बसवायला मदत केली तोच. बंड फसलं, २ नोव्हेंबरला त्याचं डोकं उडालं. पण त्या बंडातली एक योजना महत्त्वाची आहे. परदेशात आसऱ्याला असलेल्या हेन्री ट्यूडरने एलिझाबेथच्या थोरल्या मुलीशी लग्न करायचं, आणि या योजनेला आईचा होकार होता. त्या नाताळात फ्रान्सच्या ब्रिटनी भागात, रेनच्या चर्चमध्ये, हेन्रीने तशी शपथही घेतली. आता विचार करा. मुलगे जिवंत आहेत असं वाटत असतं, तर जावयाला राजा करायला ही आई का तयार झाली असती? म्हणजे तेव्हा तिला ते गेलेत असंच वाटत असावं.

इथवर गोष्ट सरळ वाटते. पण थांबा.

१ मार्च १४८४ रोजी, दहा महिन्यांनंतर, हीच एलिझाबेथ आपल्या मुलींना आश्रयातून बाहेर काढायला तयार झाली. कुणाच्या स्वाधीन? त्याच रिचर्डच्या.

यावरून रिचर्डचे समर्थक म्हणतात, बघा, मुलांच्या खुन्याच्या हाती कुठली आई मुली देईल? म्हणजे तो निर्दोष. वाक्य ऐकायला जोरदार आहे. पण तिचा पहिल्या लग्नाचा मुलगा ग्रे आणि तिचा भाऊ, या दोघांना रिचर्डने मारलं हे तिला पक्कं माहीत होतं. तरीही तिने तडजोड केलीच. पाच मुली, धाकटी तीन वर्षांची, दहा महिने ॲबीच्या आश्रयाला. किती दिवस काढणार? त्यामुळे या तडजोडीवरून रिचर्ड सुटतही नाही आणि अडकतही नाही.

या वेळी मात्र तिने एक गोष्ट वेगळी केली. नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. रिचर्डला सरदारांसमोर, धर्मगुरूंसमोर, लंडनच्या मेयरसमोर जाहीर शपथ घ्यावी लागली, आणि ती लेखी आहे. मुलींच्या जिवाला धक्का लागणार नाही. त्यांची लग्नं चांगल्या घरात लावून देऊ. आणि त्यांना टॉवर ऑफ लंडनमध्ये किंवा दुसऱ्या कुठल्या तुरुंगात ठेवणार नाही.

टॉवरचं नाव त्या कागदात स्पष्ट आहे. मुलग्यांबद्दल मात्र त्यात अवाक्षर नाही.

मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात बोलका कागद हाच. तो खून सिद्ध करत नाही. पण नऊ महिन्यांपूर्वी एका शब्दावर मुलगा देऊन बसलेली बाई या वेळी काय काय लिहून घेते, हे त्यातून दिसतं.

दोन राजे, दोघेही गप्प

रिचर्डवरचा संशय मुख्यतः त्याच्या गप्प बसण्यामुळे आहे. मुलं त्याच्या ताब्यात होती. अफवा इंग्लंडभर होत्या, जानेवारी १४८४ मध्ये तर फ्रान्सच्या चान्सलरने भर सभेत तसा आरोप केला. मुलं जिवंत असती तर एकदा गच्चीवर आणून दाखवली असती की काम झालं असतं. आजाराने गेली असती तर अंत्ययात्रा काढता आली असती. पदच्युत राजा मेला की त्याचं प्रेत लोकांना दाखवायची इंग्लंडमध्ये पद्धतच होती. १४०० मध्ये दुसऱ्या रिचर्डचं दाखवलं, १४७१ मध्ये सहाव्या हेन्रीचं दाखवलं. इथे काहीच नाही.

२२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड मारला गेला आणि हेन्री ट्यूडर सातवा हेन्री झाला. आता सगळं बाहेर येईल असं वाटेल. पण हाही गप्प! रिचर्डने लहान मुलांचं रक्त सांडलं असा मोघम आरोप त्याच्या पार्लमेंटने केला, पण नावं घेतली नाहीत. आणि त्याची अडचण बघा. त्याला ठरल्याप्रमाणे एलिझाबेथच्या मुलीशी लग्न करायचं होतं. त्यासाठी ती मुलं अनौरस असल्याचा कायदा रद्द करणं भाग होतं. पण बहीण औरस ठरली की भाऊही औरस ठरतात. म्हणजे ते जिवंत निघाले तर गादी त्यांचीच! काही अभ्यासक हेन्रीकडे बोट दाखवतात ते यामुळे. पण मुलं १४८५ पर्यंत जिवंत होती याला पुरावा नाही. बकिंगहॅमवरही संशय घेतला जातो. तिथेही तेच, कारण आहे, पुरावा नाही.

हेन्रीला पुरावा नसल्याचा त्रास पुढे आयुष्यभर झाला. १४८७ मध्ये लॅम्बर्ट सिम्नेल नावाच्या पोराला याच घराण्यातला वारस, मुलांचा चुलतभाऊ म्हणून डब्लिनला मुकुट घातला. तो पकडला गेल्यावर हेन्रीने त्याला मुदपाकखान्यात कामाला लावलं. १४९१ पासून पर्किन वॉर्बेक हा तरुण "मीच तो धाकटा रिचर्ड" म्हणत युरोपभर फिरला. त्या मुलांची आत्या मार्गारेट, बर्गंडीची डचेस, हिने त्याला आपला भाचा मानलं. स्कॉटलंडच्या राजाने आपल्या नात्यातली मुलगी त्याला दिली. शेवटी तो पकडला गेला, आपण तूर्ने गावचे असल्याचं त्याने कबूल केलं, आणि २३ नोव्हेंबर १४९९ रोजी त्याला फाशी दिली. कबुली खरी की दबावाखालची, यावर आजही वाद होतात.

आणि आई? १४८७ मध्ये तिच्या जमिनी काढून घेतल्या आणि ती बर्मंडसीच्या मठात राहायला गेली. ८ जून १४९२ रोजी तिथेच वारली. मुलांचं काय झालं याबद्दल तिने स्वतः लिहिलेली एक ओळही आपल्यापर्यंत आलेली नाही.

उशी कुठून आली?

आता मुलं म्हणतील, "पण त्यांना उशीने मारलं ना? पुस्तकात आहे." ती उशी येते थोर विद्वान थॉमस मोर यांच्या लिखाणातून. जेम्स टायरेलने दोन माणसांकरवी झोपेत मुलांना गुदमरवलं आणि जिन्याखाली पुरलं, असं ते लिहितात. टायरेलने १५०२ मध्ये मरण्यापूर्वी तशी कबुली दिली असंही सांगतात. पण ती कबुली असलेला कागद कुणालाच सापडलेला नाही. आणि १४८३ मध्ये मोर स्वतः पाच वर्षांचे होते. लिहिलं साधारण ३० वर्षांनी, ट्यूडरांच्या राज्यात. लहानपणी ते ज्यांच्या घरी राहिले ते जॉन मॉर्टन रिचर्डचे कट्टर विरोधक. म्हणजे आपल्या फॅमिली ग्रुपवर येतं तसं, "फॉरवर्डेड मेनी टाइम्स". खोटंच असेल असं नाही. पण कुठून आलं ते विचारायला हवं. पुढे शेक्सपिअरने त्यावर नाटक रचलं आणि कुबडा, दुष्ट काका जगभर पोचला.

१६७४ मध्ये टॉवरमधला एक जिना पाडताना लाकडी पेटीत दोन लहान सांगाडे सापडले. चार्ल्स दुसऱ्याने ते राजपुत्रांचे मानून वेस्टमिन्स्टर ॲबीत संगमरवरी कलशात ठेवले. पण मोर यांच्याच गोष्टीत जिन्याखालून ती प्रेतं नंतर दुसरीकडे हलवली असं आहे! १९३३ मध्ये कलश उघडला, तेव्हाच्या तज्ज्ञांनी वयं जुळतात म्हटलं, पण ती हाडं मुलांची की मुलींची हेही ठरलं नाही. डीएनए तपासणीला परवानगी मिळालेली नाही.

२०१२ मध्ये लेस्टरच्या कार पार्कखाली रिचर्डचा सांगाडा सापडला, तो डीएनएने ओळखला गेला. पाठीचा कणा वाकडा होता, पण नाटकातल्यासारखा कुबडा नव्हता. त्यामुळे लोक म्हणतात, आता कलशही उघडा. उघडला तरी मुलं टॉवरमध्ये गेली एवढंच कळेल. मारलं कुणी, हे हाडं सांगणार नाहीत.

अलीकडेही कागद सापडत आहेत. २०२३ मध्ये फिलिपा लँग्ली यांनी १४८७ सालची एक पावती पुढे आणली. त्यात एडवर्ड राजाच्या मुलासाठी ४०० भाले घेतल्याचा उल्लेख आहे. त्यावरून मुलं वाचली असं त्या म्हणतात. इतर इतिहासकार म्हणतात, तोतयाच्या बाजूचे लोक दुसरं काय लिहिणार? २०२४ मध्ये प्राध्यापक टिम थॉर्नटन यांनी १५१६ सालचं एक मृत्युपत्र दाखवलं. त्यात पाचव्या एडवर्डच्या साखळीचा उल्लेख आहे आणि ती बाई टायरेलच्या नात्यातली होती. म्हणजे एक कागद इकडे ओढतो, दुसरा तिकडे.

मग मुलांना सांगायचं काय?

"माहीत नाही" म्हणायला आपल्याला जड जातं. पण इथे तेच खरं उत्तर आहे, आणि ते नीट सांगता येतं. शाळेत मुलं "सोर्स" आणि "एव्हिडन्स" हे शब्द शिकतातच. त्यांना या निमित्ताने तीन मराठी शब्द द्या: पुरावा, ऐकीव, अंदाज. एका कागदावर तीन रकाने आखा. काकाने मुलांना ताब्यात घेतलं, हा पुरावा. उशी, ही ऐकीव. काकाने मारलं, हा अंदाज. बळकट अंदाज म्हणा हवं तर, बहुतेक इतिहासकारांचं मत तसंच आहे. पण रकाना तिसरा. आठ-नऊ वर्षांचं मूल हे सहज करतं, आणि मग तोच रकान्यांचा खेळ ते आपल्या व्हॉट्सॲपवरच्या इतिहासावरही खेळायला लागतं. तेव्हा आपली पंचाईत होते, ती आनंदाने सोसावी 😊

लहान मुलांना खुनाचे तपशील नको वाटत असतील तर त्या मार्चमधल्या शपथेची गोष्ट सांगा. एका आईने एकदा नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला. दुसऱ्यांदा तिने शहरासमोर लिहून घेतलं, आणि रिचर्डने त्या पाचही मुलींना टॉवरमध्ये कैद केलं नाही. थोरली पुढे इंग्लंडची राणी झाली आणि तिच्या पोटी आठवा हेन्री जन्मला. हा सगळा भाग पहिल्या रकान्यातला आहे.

तुमच्या मुलांनी टॉवर बघून काय विचारलं, आणि तुम्ही काय उत्तर दिलंत? कमेंटमध्ये नक्की लिहा. आणि कुणाच्या मुलांनी तीन रकाने भरले तर त्याचा फोटोही टाका.